यावलच्या आबांचं परत आलेलं पत्र

जळगावात इंटरनेट येऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी मूळची धुळ्याची. बी.एस्सी. झाल्यावर कॉम्प्युटरचा वर्षाचा कोर्स केला आणि जळगावला मावशीकडे राहून नोकरीला लागले. ऑफिस म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खाली सायकलचं दुकान, वर आम्ही. गावातल्या लोकांना टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट द्यायचं आणि त्यांच्या ई-मेल इकडून तिकडे पोचवायच्या, हे आमचं काम. मावशीच्या शेजारणी विचारायच्या, तेव्हा मावशी सांगायची, "पोस्टासारखं काहीतरी आहे, पण पोस्टमन नाही."

आमच्या मालकांना सगळे नाना म्हणत. टेलिफोन खात्यात उभी हयात काढून त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली होती. कॉम्प्युटरचं त्यांना फारसं कळत नसे, पण तार, बॅटरी, खांब यांचं इतकं कळे की वीज गेली तरी आमचं मशीन बंद पडत नसे. ते धुळ्याकडच्या एका खेड्यातले. ऑफिसात नीट मराठी बोलत, पण मनातलं काही बोलायचं झालं की आपोआप अहिराणीवर येत. माझी आईही घरी तसंच बोलायची, त्यामुळे मला त्यांचं ऐकताना बरं वाटायचं.

पत्रांची ने-आण करणारं मुख्य मशीन मी उभं केलं होतं. जाडजूड इंग्रजी पुस्तक मांडीवर घेऊन, एकेक पान वाचत, आठ दिवसांत. पहिली मेल पलीकडे पोचली त्या दिवशी नानांनी सगळ्यांना जिलबी आणली होती. त्यानंतर काही महिने मी जरा ताठ मानेनंच वावरत होते, हे कबूल केलं पाहिजे.

त्याच सुमारास यावलचे आबा आमच्याकडे यायला लागले. केळीची मोठी बाग असलेले शेतकरी, पासष्टीच्या घरातले. पांढरी टोपी, पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. त्यांचा एकुलता एक मुलगा अमेरिकेत इंजिनियर होता. तिथल्या एका विद्यापीठात शिकला आणि त्याच विद्यापीठात नोकरीला लागला. आबांकडे कॉम्प्युटर असण्याचा प्रश्नच नव्हता. ते दर शनिवारी एस.टी.नं जळगावला यायचे, बाजारातली कामं उरकायचे आणि मग आमचा जिना चढायचे. ते सांगत आणि मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करी.

पहिल्याच दिवशी मी त्यांची बोली सरळ करून लिहायला लागले. त्यांनी विचारलं, मी म्हणालो तेच लिहिलं का? मी म्हटलं, जरा शुद्ध करून लिहिलंय. त्यावर ते म्हणाले, "नको व माय. जसं बोलतो तसंच टाक. त्याले वाटलं पाहिजे, आबा बोलू राह्यले."

तेव्हापासून मी त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहू लागले. पत्रांत केळीचे घड, कालव्याचं पाणी, म्हशीचं रेडकू, असंच काही असे. मुलाची उत्तरं यायची, पण अगदी तोकडी. "पत्र मिळालं. मी बरा आहे. आईला नमस्कार." आबा ती कागदावर छापून मागत आणि पिशवीत ठेवत.

दोघांमध्ये काय बिनसलंय, ते मला हळूहळू कळलं. वर्षभरापूर्वी आबांच्या मुलीचं लग्न झालं होतं. मुलगा बहिणीच्या लग्नाला आला नाही. का आला नाही, ते धड सांगितलंही नाही. लग्नानंतर आबांनी यावलच्या फोन बूथवरून त्याला फोन केला. बाहेर रांगेत माणसं उभी, दाराची काच फुटलेली, सगळ्यांना सगळं ऐकू जाणार. अशा ठिकाणी आबा त्याला म्हणून बसले, की तुझ्यावाचून हे लग्न झालं, पुढचं सगळंही होईल. मुलानं फोन ठेवला. सहा महिने कोणी कोणाशी बोललं नाही. फोनवर शब्द तोंडातून निसटतो, पत्रात विचार करून बोलता येतं, असं आबांना कोणीतरी सांगितलं, म्हणून ते आमच्याकडे आले होते.

एका शनिवारी आबा आले ते पिशवीत न बघता, बाजाराचं काही न बोलता सरळ खुर्चीवर बसले. म्हणाले, आज मोठं पत्र आहे. मी टाइप करत गेले. बूथवर बोललो ते चुकलं, असं त्यांनी सांगितलं. लोक ऐकत होते म्हणून आवाज चढला, असंही सांगितलं. घरी आई तुझ्या खोलीतली गादी दर पंधरा दिवसांनी उन्हात घालते, हे सांगितलं. शेवटी थोडं थांबून त्यांनी आणखी एक वाक्य घातलं, की बहिणीच्या लग्नाला भाऊ आला नाही, हे लोक विसरत नाहीत. मग म्हणाले, संपलं, पाठव.

मी पत्र पाठवलं. नानांनी चहा सांगितला. चहा यायच्या आतच माझ्या पडद्यावर नवी मेल दिसली. आबांनीही ती पाहिली आणि पुढे वाकले. इतक्या लवकर उत्तर आलं, म्हणून त्यांचा चेहरा उजळला होता.

ते उत्तर नव्हतं. आमचंच पत्र परत आलं होतं आणि त्याच्यावर इंग्रजीत चार-पाच ओळी होत्या. मला त्यांचा अर्थ लागेना. अशा ओळी मी आधी कधी पाहिल्या नव्हत्या. मी नकळत त्यातला एक शब्द मोठ्यानं वाचला. "रिजेक्टेड."

केळीच्या धंद्यातल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. व्यापारी बागेत येतो, घड बघतो आणि जो नको तो बाजूला टाकून म्हणतो, हा रिजेक्ट. आबांनी मला पुन्हा वाचायला लावलं नाही. मी म्हटलं, आबा, हे मशीनचं काहीतरी असेल, मी बघते. ते उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "राहू दे व माय. त्याचंही खरं हाये." चहा आला तेव्हा ते जिना उतरून गेले होते.

मी तेच पत्र पुन्हा पाठवून पाहिलं. पुन्हा परत. पुढच्या शनिवारी आबा आले नाहीत.

त्या आठवड्यात एका डाळ मिलचे मालक हातात छापील कागद घेऊन आले. परदेशातल्या त्यांच्या गिऱ्हाइकाला पाठवलेलं पत्र परत आलं होतं. त्यानंतर कॉलेजातले एक प्राध्यापक आले, त्यांचंही तेच. प्रत्येकाला मी सांगत होते, की पलीकडच्यांचं काहीतरी बिघडलं असेल. मला खरंच तसं वाटत होतं. आपलं मशीन बिघडलं असेल, असं माझ्या डोक्यातच येत नव्हतं.

नाना हे सगळं ऐकत होते. प्राध्यापक गेल्यावर ते माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, "एका घरचा फोन बंद असला तर मी त्या घरी जायचो. तीन घरचे बंद असले तर आधी आपला खांब बघायचो."

मला ते लागलं, पण पटलंही. तिन्ही परत आलेली पत्रं मी शेजारी शेजारी मांडली आणि डिक्शनरी काढून सगळ्या ओळी शब्दन् शब्द वाचल्या. तिन्हींमध्ये एक आकडा सारखा होता. तो आमच्याच मशीनचा पत्ता होता. आणि तिन्हींमध्ये एका वेबसाइटचं नाव होतं, अधिक माहितीसाठी इथे पाहा म्हणून.

ती वेबसाइट उघडायला अर्धा तास गेला, कारण मध्येच लाइन दोनदा तुटली. उघडली तेव्हा कळलं, की जगात काही लोक अशा मशीनांची यादी ठेवतात, ज्यांच्यामधून फालतू जाहिरातींची पत्रं लाखांनी वाटली जातात. मोठमोठी विद्यापीठं आणि कंपन्या ती यादी बघतात आणि यादीतल्या मशीनकडून आलेलं कुठलंही पत्र दारातूनच परत करतात. पत्र कोणाचं, कशाबद्दल, हे कोणी उघडून बघत नाही. मी आमचा आकडा तिथे टाकला. आम्ही यादीत होतो.

का, तेही खाली लिहिलं होतं. आमचं मशीन कोणाचंही पत्र घेऊन कोणालाही पोचवत होतं. आमच्या गिऱ्हाइकांनीच पाठवावं असं बंधन नव्हतं. जगातला कोणीही आमच्या दारात गठ्ठा टाकून जाई आणि आमचं मशीन तो निमूटपणे वाटून येई. मी मशीनची नोंदवही उघडली, म्हणजे कुठलं पत्र कुठून आलं आणि कुठे गेलं याची जी यादी ते स्वतः ठेवतं ती. पानंच्या पानं परक्या नावांची. वजन कमी करायच्या गोळ्या, घरबसल्या श्रीमंत व्हायचे उपाय. हे सगळं कित्येक आठवडे जळगावातून, सायकलच्या दुकानावरच्या आमच्या खोलीतून जात होतं.

मी जाड पुस्तक पुन्हा काढलं. कोणाची पत्रं न्यायची आणि कोणाची नाही, यावर त्यात एक अख्खं प्रकरण होतं. ते मी तेव्हा वाचलंच नव्हतं. त्याच्या आधीच्या पानावर पहिली मेल पोचली होती, जिलबी आली होती, आणि मी पुस्तक मिटलं होतं.

मी नानांना सगळं सांगितलं. मी नोकरी जाणार असं धरूनच चालले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दोनदा विचारलं, म्हणजे दार आपलंच उघडं राहिलं? मी म्हटलं, हो. माझ्याकडून. ते म्हणाले, मग आधी दार लावू.

दार लावणंही एका फटक्यात जमलं नाही. पहिल्यांदा मी ते इतकं घट्ट लावलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याच गिऱ्हाइकांची पत्रं बाहेर जाईनात. डाळ मिलचे मालक फोनवर म्हणाले, काल परत तरी येत होती, आज तर जातच नाहीत. मग आमच्या गिऱ्हाइकांच्या लाइना कुठल्या, ते मशीनला नीट सांगितलं. पत्रं सुरू झाली. मी यादीवाल्यांना इंग्रजीत विनंती लिहिली, की चूक सुधारली आहे, कृपया पुन्हा तपासा. त्यांनी तपासलं आणि कळवलं, दार अजून उघडंच आहे.

मी तासभर मुख्य मशीनच तपासत बसले. तिथे सगळं ठीक होतं. मग नानांनी सहज विचारलं, ते जिन्याखालचं पण पत्रं नेतं ना? मुख्य मशीन बंद पडलं तर असावं म्हणून आम्ही एक जुनं मशीन जिन्याखालच्या कपाटात ठेवलं होतं. ते मी विसरूनच गेले होते. त्यावरही तीच चूक होती, कारण तेही मीच त्याच पद्धतीनं बसवलं होतं. कपाटात गुडघ्यावर बसून त्याचंही दार लावलं. पुन्हा विनंती पाठवली. उत्तर आलं, की तपासून आठवड्याभरात नाव काढू.

आता आबांचं पत्र. आमच्या मशीनवरून ते जाणार नव्हतं, पण फुकट मिळणाऱ्या एखाद्या वेबसाइटवरच्या खात्यातून ते त्याच दिवशी पाठवता आलं असतं. मजकूर माझ्याकडे होताच. मी नानांना तसं म्हटलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. म्हणाले, पत्र आबांचं आहे. ते तर मुलानं परत पाठवलं असं समजून घरी बसलेत. त्यांना न विचारता पाठवणारे आपण कोण? मी म्हटलं, मग नाव निघेपर्यंत थांबू या, सगळं ठीक झालं की सांगू. तेव्हा नाना अहिराणीवर आले. "नही वं बेन. चूक आपली शे. बठ्ठी सांगी टाकू." म्हणजे चूक आपली आहे, सगळी सांगून टाकू.

रविवारी आम्ही दोघं एस.टी.नं यावलला गेलो. आबांचं घर विचारत गेलो तर ते बागेत होते. त्यांच्या घरच्यांनी, म्हणजे मुलाच्या आईनं, आम्हाला बागेपर्यंत सोबत केली. केळीच्या बागेत भर दुपारीही गारवा होता. आबा पाण्याच्या नळ्या बघत होते. आम्हाला पाहून आधी ते घाबरले. मुलाचं काही बरंवाईट कळलं की काय, असं त्यांना वाटलं. नानांनी आधी ते मनातून काढलं, मग माझ्याकडे बघितलं. सांगायचं मलाच होतं.

मी सांगितलं. पत्र तुमच्या मुलानं परत केलेलं नाही, त्याला ते दिसलंसुद्धा नाही. त्याच्या विद्यापीठाच्या मशीननं ते आमच्यावरच्या रागानं दारातूनच फिरवलं. आमचं दार उघडं राहिलं होतं, त्यातून चोरांनी वाटेल तो माल पाठवला, म्हणून आमच्याकडून येणारं काहीच कोणी घेत नव्हतं. आणि दार माझ्यामुळे उघडं राहिलं होतं.

आबांनी विचारलं, म्हणजे एका ट्रकवाल्यानं खराब माल भरला, की व्यापारी त्या गावचे सगळेच ट्रक फिरवतो, तसं? नाना म्हणाले, अगदी तसंच.

आबांनी हातातली नळी खाली ठेवली. मी आता बोलणी खायला तयार उभी होते. मग ते मला म्हणाले, "मंग त्याले ती चिठ्ठी भेटलीच नाही?"

"नाही आबा."

"बरं झालं," ते म्हणाले. "ते शेवटचं वाक्य होतं ना, लोक इसरत नाही म्हनून. ते खोटं हाये. लोकं कधीचेच इसरले. मीच धरून बसलो."

मुलाची आई आमच्यामागेच उभी होती. तिला त्या पत्राबद्दल काहीच ठाऊक नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून मला तेव्हा कळलं. ती फक्त म्हणाली, घरी चला, दोन घास खाल्ल्याशिवाय जायचं नाही. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वर ताक. जेवताना आबांनी माझ्यावर कसलाही राग दाखवला नाही. उलट नानांना म्हणाले, पोरीनं यायचं धाडस केलं.

यादीतून आमचं नाव गुरुवारी निघालं. शनिवारी आबा आले. या खेपेला मुलाची आईही बरोबर होती. जिना चढताना ती दोनदा थांबली. आबांनी पत्र पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ते आधीच्या पत्राच्या निम्मंही नव्हतं. गादीचं वाक्य आलं तेव्हा आई म्हणाली, हे कशाला सांगता त्याला? आबा म्हणाले, राहू दे. शेवटचं वाक्य नव्हतं. त्याऐवजी त्यांनी विचारलं, तू का नाही आला, ते मी तुला विचारलंच नाही. आता विचारतो.

मी बटण दाबलं. आम्ही चौघं पडद्याकडे बघत बसलो. नानांनी चहा मागवला, चहा आला, पिऊन झाला, तरी काही परत आलं नाही.

उत्तर सोमवारी सकाळी आलं. आबांच्या घराजवळ एका दुकानात फोन होता, तिथे मी निरोप ठेवला. दुपारच्या एस.टी.नं ते हजर. मुलानं या वेळी लांबलचक लिहिलं होतं, आणि पहिल्यांदाच आबांच्या बोलीत, इंग्रजी अक्षरांत. लग्नाच्या वेळी त्याचे तिथे राहायचे कागद सरकारी कचेरीत अडकलेले होते. तो देशाबाहेर पडला असता तर परत जाता आलं नसतं, नोकरीही गेली असती. हे सांगितलं तर घरचे काळजी करतील आणि गावात चर्चा होईल, म्हणून त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. लग्नाच्या दिवशी तो रजा घेऊन दिवसभर खोलीत बसून होता. पुढे त्यानं गादीबद्दल विचारलं होतं, की आई अजून तीच लाल खोळ घालते का.

आबांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. म्हणाले, "इतकं सांगितलं असतं तं मी काय त्याले खाल्लं असतं?" नाना म्हणाले, तुम्ही तरी कुठे विचारलं होतं? आबा यावर हसले आणि मला म्हणाले, लिही, लालच घालते.

नानांनी मला कामावरून काढलं नाही. मात्र एक काम सांगितलं. झालेली चूक मराठीत कागदावर लिहून जिन्याच्या तोंडाशी लावायची, सगळ्या गिऱ्हाइकांना दिसेल अशी. मला ते फार जड गेलं. तीन वेळा लिहिलं आणि फाडलं, शेवटी चार साध्या वाक्यांत लावलं. एक गिऱ्हाईक आम्हाला सोडून गेलं. डाळ मिलचे मालक मात्र कागद वाचून वर आले आणि म्हणाले, इतकी खरी पाटी या गावात पहिल्यांदाच वाचली.

तिथे असेपर्यंत रोज सकाळी आल्याबरोबर मी आधी ती यादी उघडून आमचा आकडा बघायची. नंतर पुण्याला मोठ्या कंपनीत गेले, तिथेही तीच सवय राहिली. बरोबरीचे हसायचे.

आबांचा मुलगा पुढच्या दिवाळीत आला. कागद मिळाले होते. आबा त्याला घेऊन आमच्या जिन्यावर आले. उंच, केस विरळ व्हायला लागलेला, बापासारखाच कमी बोलणारा. त्यानं नानांना वाकून नमस्कार केला आणि मला विचारलं, मशीन बघू शकतो का? मी त्याला आतल्या खोलीत नेलं. मग तो कुठलं सॉफ्टवेअर, दार कसं लावलं, जुनं मशीन कुठे आहे, असं एकेक विचारत राहिला आणि मी सांगत राहिले. त्याला ते सगळं नीट कळत होतं. आबा दारात पिशवी घेऊन उभे होते. पाचेक मिनिटांनी त्यांनी आत डोकावून सांगितलं, की एस.टी.ची वेळ झाली, आणि घरी त्याची आई जेवायची थांबली आहे.